संगणकाची पहिली पायरी
मुलांनो, आपला जिवती तालुका डोंगरावर, तेलंगणाच्या सीमेला लागून आहे. इथल्या मुलांनाही संगणक शिकता येतो. महाराष्ट्रात २००१ साली ‘एमएस-सीआयटी’ हा अभ्यासक्रम सुरू झाला. आधी काही येत नसले तरी चालते. केंद्रावर धडे पडद्यावर वाचायचे, माउस हाती धरून सराव करायचा आणि परीक्षाही संगणकावरच द्यायची. तो मराठी, हिंदी किंवा इंग्रजीतून शिकता येतो. उर्दू आपण उजवीकडून वाचतो, तिथे डावीकडून वाचाल. या मराठीच्या तासाला तेच तर करतो! सरकारी कारकुनाच्या नोकरीसाठी हे किंवा असेच प्रमाणपत्र लागते. मोबाइलवर नुसते पाहून मात्र बोटांना सवय होत नाही. म्हणून पैसे भरण्यापूर्वी केंद्रात वीज किती वेळ असते, एका संगणकावर किती जण बसतात, हे जरूर विचारा.