ढगातलं आम्ल, मातीतला चुना

मँचेस्टर शहरात पडणारा पाऊस आणि शहराबाहेरच्या शेतांवर पडणारा पाऊस सारखा नसतो, हे मोजून दाखवलं ते रॉबर्ट अँगस स्मिथ या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञानं. साल होतं १८५२. शहरापासून लांबच्या शेतांत त्याला अमोनियाचं कार्बोनेट सापडलं, उपनगरांत अमोनियाचं सल्फेट आणि गिरण्यांच्या चिमण्यांखाली थेट सल्फ्युरिक आम्ल. पुढे १८६३ साली सोडा कारखान्यांच्या धुराला लगाम घालणारा अल्कली कायदा झाला, तेव्हा पहिला सरकारी निरीक्षक म्हणून त्याचीच नेमणूक झाली. १८७२ साली त्यानं हवा आणि पाऊस या विषयावर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात 'आम्लवर्षा' हा शब्द आहे. ग्रंथ मात्र जवळजवळ शंभर वर्षं विस्मरणात गेला.

स्मिथच्या तीन पट्ट्यांपैकी मला मधला पट्टा सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. तिथं धूर पोचला होता, आम्लही पोचलं होतं, पण अमोनियानं त्याची धार मारली होती. पाऊस किती आंबट आणि त्यानं किती नुकसान, हे चिमणीतून काय बाहेर पडलं त्यावर ठरतं, तितकंच त्या आम्लाला वाटेत आणि जमिनीवर काय भेटलं त्यावरही ठरतं. हा दुसरा अर्धा भाग आपण फार कमी बघतो. भारताच्या बाबतीत तोच निर्णायक ठरणार आहे, म्हणून हा सगळा इतिहास त्या बाजूनं मांडायचा आहे.

रसायनशास्त्र थोडक्यात सांगतो. अगदी निर्मळ हवेतला पाऊसही किंचित आम्लच असतो, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो. त्याचा सामू (पीएच) साधारण ५.६ भरतो. कोळशातलं गंधक जळलं की सल्फर डायऑक्साइड होतो. भट्ट्यांच्या आणि इंजिनांच्या उष्णतेत हवेतल्याच नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. ढगांत त्यांची सल्फ्युरिक आणि नायट्रिक आम्लं बनतात. सामू एका अंकानं उतरला की आम्लता दहापट होते, त्यामुळे ४.२ सामूचा पाऊस स्वच्छ पावसाच्या सुमारे पंचवीसपट आम्ल असतो. पाऊस नसला तरी हेच पदार्थ कोरडेच पानांवर आणि दगडांवर येऊन बसतात.

डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर धुरकं बसलं आणि हजारो माणसं दगावली. १९५६ साली ब्रिटनमध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. पुढे मोठी वीज केंद्रं शहरांबाहेर गेली आणि चिमण्या उंच होत गेल्या. खाली राहणाऱ्या माणसांना दिलासा मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता. धूर मात्र नाहीसा न होता लांबच्या प्रवासाला निघाला. कॅनडातल्या सडबरी इथल्या निकेलच्या भट्टीवर १९७२ साली ३८१ मीटर उंचीची चिमणी उभी राहिली. आसपासच्या उजाड टेकड्या त्यानंतर हळूहळू हिरव्या झाल्या, पण चिमणीतून निघालेलं गंधक शेकडो किलोमीटरांवरच्या सरोवरांकडे जाऊ लागलं.

युरोपात हे गंधक उतरलं ते स्वीडन आणि नॉर्वेच्या दक्षिण भागात. तिथला खडक ग्रॅनाइटचा, वर मातीचा पातळ थर, चुना नावाला. पावसाबरोबर शेतांना किती पोषणद्रव्यं मिळतात हे कळावं, म्हणून स्वीडनमध्ये १९४०च्या दशकापासून ठिकठिकाणी पावसाचं पाणी गोळा करून तपासत होते. शेतीसाठी ठेवलेल्या या वह्या स्वान्ते ओडेन या मृदाशास्त्रज्ञानं वेगळ्या नजरेनं वाचल्या. पाऊस वर्षागणिक आंबट होत चालला होता आणि त्याचा पट्टा पसरत होता. ऑक्टोबर १९६७ मध्ये त्यानं हे निष्कर्ष संशोधनपत्रिकेऐवजी स्टॉकहोमच्या 'डागेन्स न्यूहेटर' या दैनिकात मांडले. तो निर्णय मला फार मोलाचा वाटतो. पाच वर्षांनी, १९७२च्या स्टॉकहोम पर्यावरण परिषदेत, स्वीडननं हा प्रश्न जगापुढे ठेवला.

आम्ल झालेली सरोवरं दिसायला सुंदर असतात. पाणी इतकं नितळ होतं की खोलवरचा तळ दिसतो, कारण पाणी गढूळ ठेवणारे सूक्ष्म जीव कमी झालेले असतात. माशांना आम्लापेक्षाही जास्त मारतं ते ॲल्युमिनियम. ते मातीत भरपूर असतं, पण एरवी घट्ट बांधलेलं. आम्ल पाणी ते सोडवून सरोवरात आणतं, मग ते कल्ल्यांवर बसतं. कल्ल्यांवर चिकट स्राव साचतो, रक्तातले क्षार बाहेर झिरपतात आणि ऑक्सिजन असलेल्या पाण्यात मासा गुदमरतो. वसंतात बर्फ वितळलं की हिवाळाभर साठलेलं आम्ल काही दिवसांत एकदम ओढ्यांत उतरतं, नेमकं अंडी आणि पिल्लांच्या काळात.

कॅनडात डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा माग प्रत्यक्ष एका सरोवरात काढला. ऑन्टारियोमधल्या, फक्त '२२३' क्रमांकानं ओळखल्या जाणाऱ्या छोट्या सरोवरात त्यांनी १९७६ पासून मोजून सल्फ्युरिक आम्ल सोडलं आणि काही वर्षांत सामू ६.८ वरून ५ च्या आसपास आणला. तिथले मोठे ट्राउट मासे लगेच मेले नाहीत. आधी बारीक कोळंबीवर्गीय प्राणी गेले, मग लहान मासे. ट्राउटची नवी पिल्लं येईनाशी झाली, आणि जे मोठे उरले ते उपासानं खंगले. आधीचा भरलेला मासा आणि शेवटी शेवटी पकडलेला, मोठ्या डोक्यामागे नुसती कातडी लोंबणारा मासा, अशी दोन छायाचित्रं पुढे जगभर छापली गेली. मासा दिसतोय तोवर सरोवर ठीक आहे, हा समज त्या प्रयोगानं कायमचा मोडला.

जमिनीवरचा परिणाम याहून संथ असतो. १९६३ पासून अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रूकच्या जंगलात जीन लायकन्स आणि हर्बर्ट बॉर्मन यांनी पावसातून काय येतं आणि ओढ्यातून काय जातं याचा हिशेब ठेवायला सुरुवात केली. पाऊस चारच्या आसपास सामूचा निघाला. पण दशकानुदशकांच्या नोंदींतून खरी चिंतेची गोष्ट पुढे आली, ती कॅल्शियमची. दर पावसाबरोबर आम्ल मातीतलं थोडं कॅल्शियम सोडवून वाहून नेतं. कणगीतून रोज मूठभर धान्य काढावं आणि तळ खरवडेपर्यंत घरात कुणाच्या लक्षात येऊ नये, तसं हे होतं. झाडं हिरवी दिसतात, ओढा वाहत असतो, आणि माती रिकामी होत असते.

ही रिकामी माती पुढे कुठवर पोचते, ते नेदरलँड्समध्ये दिसलं. तिथल्या हलक्या वाळूच्या जमिनीवरच्या जंगलांत ग्रेट टिट, म्हणजे आपल्या वल्गुलीचे युरोपीय भाऊबंद, पातळ कवचाची अंडी घालू लागले. काही अंडी माद्यांच्याच वजनानं फुटत, काही वाळून जात. काही माद्या तर रिकाम्या घरट्यात बसून राहत. कीटकनाशकांचा संशय घेतला गेला. उत्तर निघालं पायाखाली: मातीतलं कॅल्शियम घटल्यामुळे गोगलगाई कमी झाल्या होत्या, आणि अंड्याच्या कवचासाठी माद्यांना लागणारा चुना गोगलगाईंच्या शंखातूनच येत होता. संशोधकांनी शंखांचे आणि कोंबडीच्या अंड्यांच्या कवचाचे तुकडे जंगलात ठेवले, तशी तिथली अंडी सुधारली. चिमणी, ढग, माती, गोगलगाय, अंडं ही साखळी मला या साऱ्या विषयातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते.

राजकारणाला जाग आली ती उशिरा, पण आली. १९७९ साली जिनिव्हात सीमापार वायुप्रदूषणाचा करार झाला. १९८५च्या हेलसिंकी मसुद्यात गंधक ३० टक्क्यांनी कमी करण्याचं बंधन आलं. अमेरिकेनं १९९० साली स्वच्छ हवेचा कायदा दुरुस्त केला, गंधकावर एकूण मर्यादा घातली आणि त्या मर्यादेत परवाने विकत घेण्याची मुभा दिली. तिथल्या वीज केंद्रांचा सल्फर डायऑक्साइड तेव्हाच्या तुलनेत ९० टक्क्यांहून अधिक घटला आहे. हवेच्या पातळीवर हे फार मोठं यश आहे. मातीच्या पातळीवर मात्र ऑक्टोबर १९९९ मध्ये हबर्ड ब्रूकच्या एका पाणलोटावर हेलिकॉप्टरनं कॅल्शियम सिलिकेटच्या गोळ्या पेराव्या लागल्या. पन्नासएक वर्षांत मातीतून गेलेलं कॅल्शियम परत द्यायचं होतं. त्यानंतर तिथले शुगर मेपल सावरले. पाऊस काही दशकांत सुधारतो, मातीला त्याहून फार जास्त वेळ लागतो.

युरोप-अमेरिकेच्या नोंदींत आणखी एक धडा होता. कारखान्यांची राख आणि धूळ अडवायला सुरुवात झाली तेव्हा पावसातलं कॅल्शियमही घटलं. राख अल्कली असते; काही प्रमाणात ती आम्ल मारत होती. राख अडवायलाच हवी, ती फुप्फुसांत जाते. पण राख अडवून गंधकाचा वायू तसाच सोडला, तर आम्लाला आवर घालणारं हवेत कमी उरतं.

भारताची कथा इथूनच सुरू होते. उन्हाळ्यात राजस्थानापासून गंगेच्या खोऱ्यापर्यंत आकाश धुळीनं भरतं, आणि त्या धुळीत चुना असतो. कोळसा जाळूनही आपल्याकडे अनेक ठिकाणी पावसाचा सामू सहाच्या वर राहिला तो या धुळीमुळे. हवामान खात्याच्या जोधपूर, श्रीनगर, पुणे, नागपूर, प्रयागराज, विशाखापट्टणम, आसामातलं मोहनबारी अशा दहा केंद्रांवर पावसाची तपासणी होत आली आहे. सुमारे साडेतीन दशकांच्या नोंदींत बहुतेक ठिकाणी सामू हळूहळू खाली येताना दिसतो. विशाखापट्टणम, प्रयागराज, मोहनबारी इथं ठळकपणे, धुळीच्या प्रदेशांत कमी. त्यात भर अमोनियाची. युरियातून आणि शेणामुतातून उडणारा अमोनिया ढगात आम्ल मारतो, पण जमिनीत मुरल्यावर जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि त्या क्रियेत पुन्हा आम्लच तयार होतं. पावसाचा सामू चांगला दिसला तरी मातीचा हिशेब त्यातून कळत नाही.

आपला कोळसा कमी गंधकाचा, साधारण अर्ध्या टक्क्याचा आहे, असं सांगतात, आणि ते खरं आहे. पण देशात वर्षाला सुमारे शंभर कोटी टन कोळसा जळतो. त्याचा अर्धा टक्का म्हणजे पन्नास लाख टन गंधक; जळताना त्याचं वजन दुप्पट होतं. राखेत राहणारा थोडा भाग सोडला तरी हा आकडा कोटीच्या जवळ जातो. उपग्रहांच्या मोजणीवर आधारित २०१७च्या एका अभ्यासात २००७ पासून चीनचा सल्फर डायऑक्साइड ७५ टक्क्यांनी घटल्याचं आणि भारताचा ५० टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. चीननं आपल्या वीज केंद्रांवर धूर धुण्याच्या यंत्रणा बसवल्या होत्या. आपणही डिसेंबर २०१५ मध्ये दोन वर्षांच्या मुदतीचे नियम केले. मुदती वाढत गेल्या, आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुसंख्य औष्णिक केंद्रांना ही यंत्रणा बसवण्यातून सूट मिळाली. कोळशातलं गंधक कमी आहे, हवेतली पातळी मर्यादेत आहे, खर्च फार आहे ही कारणं दिली गेली. खर्चाचा मुद्दा मी हलका मानत नाही. विजेचा भार शेवटी सामान्य माणसाच्याच बिलात येतो. पण या युक्तिवादात माती कुठेच नाही.

महाराष्ट्रात माती दोन तऱ्हेची आहे. घाटावर बेसॉल्टची काळी जमीन, कॅल्शियमनं समृद्ध. विदर्भातल्या औष्णिक केंद्रांच्या आसपास तीच बरंच काही निभावून नेते. घाट उतरून कोकणात आणि गोव्यात आलं की जांभ्याची लाल जमीन लागते. लाखो वर्षांच्या मुसळधार पावसानं तिच्यातला चुना आधीच धुऊन नेलेला, मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरलेलं. ती मुळातच आम्ल आहे, म्हणून तर कोकणात शेतात चुना टाकायचा सल्ला देतात. पावसाळ्यात वारा समुद्राकडून येतो, त्यामुळे जून-जुलैचा पाऊस तुलनेनं स्वच्छ असतो. परतीच्या पावसाच्या वेळी वारा फिरतो आणि देशावरची हवा घाट उतरू लागते. आम्लवर्षेनं कोकणचा घास घेतला असं मी म्हणत नाही. पण सह्याद्रीचे खेकडे आणि गोगलगाई, यांतल्या कितीतरी जाती जगात दुसरीकडे कुठेच नाहीत, आणि त्या सगळ्यांना कवचासाठी कॅल्शियम लागतं. ज्या जमिनीत शिल्लक सर्वांत कमी, तिथं नजर सर्वांत जास्त हवी.

दगडावरच्या परिणामांबद्दल मराठीत बरंच लिहिलं गेलं आहे. ताजमहालाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर १९९६ मध्ये निकाल दिला, आणि आग्र्याभोवतीच्या १०,४०० चौरस किलोमीटरांच्या पट्ट्यात उद्योगांना कोळसा सोडावा लागला. संगमरवरी वास्तूसाठी जे करता आलं, ते जिवंत जमिनीसाठी करणं अशक्य नाही.

डहाणूत तसं घडलं आहे. १९९१ साली हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक जाहीर झाला, आणि तिथंच ५०० मेगावॉटचं कोळशाचं वीज केंद्र उभं राहिलं. चिकूच्या बागायतदारांना फुलोऱ्याची आणि फळधारणेची चिंता होती. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं तालुक्यासाठी प्राधिकरण नेमलं गेलं. अध्यक्ष होते न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. प्राधिकरणानं १९९९ साली धूर धुण्याची यंत्रणा बसवायचा आदेश दिला, चालढकल झाल्यावर ३०० कोटींची हमी मागितली, आणि २००७ साली यंत्रणा सुरू झाली. तिचं काम साधं आहे. समुद्राचं पाणी मुळात अल्कली असतं. धूर त्यातून नेला की सल्फर डायऑक्साइड विरघळतो, पाण्यात हवा सोडली की त्याचं सल्फेट होतं, आणि सल्फेट समुद्रात आधीपासूनच मुबलक असतं. ट्रॉम्बेतही हेच तंत्र डहाणूच्या आधीपासून वापरात होतं. म्हणजे महाराष्ट्राला हे तंत्र नवं नाही. किनाऱ्यापासून दूर चुनखडीच्या पाण्यानं धूर धुता येतो आणि त्यातून निघणारं जिप्सम सिमेंटला चालतं.

डहाणूमागे चिकाटीचे नागरिक होते आणि नोंदी मागणारं प्राधिकरण होतं. चंद्रपूर, कोराडी, परळी, भुसावळ यांच्या वाट्याला असं प्राधिकरण आलेलं नाही. तिथल्या चिमण्यांमधून रोज किती सल्फर डायऑक्साइड निघतो, तो आकडा त्या गावांत मराठीत, चौकात लागायला हवा. आणि दापोली, आंबोली, महाबळेश्वर, वाळपई अशा ठिकाणी पावसाचा सामू आणि ओढ्यातलं कॅल्शियम यांची वर्षानुवर्षं चालणारी नोंद हवी. त्यासाठी लागणारी उपकरणं बहुतेक महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र विभागात आहेत. पुढच्या वर्षीच्या परतीच्या पावसापासून सुरुवात करता येईल.