कंदील कोणाचे, घराचे की धंद्याचे?

दिवाळीच्या ऑर्डरचे दोनशे कंदील हॉलमध्ये छतापर्यंत रचलेत. शॉर्ट सर्किट झालं तर?

१ एप्रिल २०२१ पासूनच्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, घरातलं सामान आपोआप येतं. पण सामान म्हणजे घरगुती वापराचं: सोफा, फ्रिज, कपाट. विकायला केलेले कंदील हा झाला धंद्याचा माल. त्यासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ बघा. एका जागेवरची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर चालते. नाव मोठं, पण दोन शिलाई मशिनं नि कागदाचे गठ्ठेही त्यात बसतात.

घरून विक्री करता हे विमा कंपनीला आधीच लेखी कळवा. एजंटला चहा पिताना सांगितलेलं धरत नाहीत! कच्च्या मालाची बिलंही जपा.