धुऱ्यावरची घरटी

परभणी जिल्ह्यात जंगल शोधायचे तर जिंतूरकडच्या डोंगराळ भागात जावे लागते, आणि तिथेही ते विरळच. बाकी सगळी काळी, कसलेली जमीन. म्हणून इथल्या बहुतेक पक्ष्यांची वीण होते ती शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर. विहिरीवर वाकलेली बाभूळ, ओढ्याकाठची शिंदी, दोन शेतांमधला धुरा, पडीक राहिलेला तुकडा. घरटी पाहायची ती इथेच.

सुगरणीची वीण पावसाबरोबर चालते. नराच्या डोक्यावर पिवळा रंग चढतो आणि तो कामाला लागतो. गवताची, ज्वारीची, उसाची पात चोचीने चिरून तो लांब पट्टी काढतो. एका खोप्यासाठी अशा शेकडो फेऱ्या होतात. खोपा टोपासारखा अर्धवट झाला की आत ओल्या चिखलाचे लिंपण लागते आणि माद्या पाहणीला येतात. मादीला पसंत पडला तरच खाली नळी उतरते. नाकारलेले खोपे तसेच लोंबकळत राहतात. खोपे बहुधा झाडाच्या पूर्वेला असतात, कारण नैर्ऋत्येकडून येणारी पावसाची झोड तिकडे कमी लागते.

या संसाराचा उलगडा सालिम अली यांनी 1930 च्या पावसाळ्यात अलिबागजवळच्या किहीमला केला. जर्मनीहून परतल्यावर त्यांना नोकरी उरली नव्हती. सुगरणींच्या वसाहतीवर नजर ठेवून त्यांनी दाखवून दिले की एक मादी अंड्यांवर बसली की नर पुढचा खोपा विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीला बोलावतो. हे निरीक्षण 1931 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आले. त्याच सुमारास त्यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांचे सर्वेक्षण हाती घेतले. परभणी तेव्हा निजामाच्याच राज्यात होती.

सुगरणीचा खोपा निदान नजरेत भरतो. टिटवीचे घरटे मात्र पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. ढेकळांत जरासा खळगा, भोवती चार खडे, आत मातीच्याच रंगाची ठिपकेदार अंडी, बहुधा चार. मार्चपासून ही वीण सुरू होते, म्हणजे ऐन मराठवाड्याच्या उन्हाळ्यात. नर-मादी आळीपाळीने बसतात, पोटाची पिसे पाण्यात भिजवून येतात आणि त्या ओलाव्याने अंडी थंड ठेवतात. सुमारे चार आठवड्यांनी पिल्ले बाहेर पडतात आणि थोड्याच वेळात चालू लागतात. टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस जोरदार, चार अंडी म्हणजे चारही महिने पाऊस, असे जुने लोक सांगतात. या ठोकताळ्याला शास्त्राचा आधार नाही. पण त्यामुळे शेतकरी अंडी कुठे आहेत हे पाहत राहिला आणि तेवढा तुकडा सोडून वखर पुढे नेत राहिला, हे मला फार मोलाचे वाटते. बैलामागे चालणाऱ्याला अंडी दिसतात. ट्रॅक्टरवर बसून रोटाव्हेटर फिरवणाऱ्याला ती दिसणे अवघड.

गोदाकाठी वेगळेच संकट आहे. नदीसुरय उन्हाळ्यात उघड्या वाळूवर अंडी घालतो आणि वाळूचा उपसाही त्याच महिन्यांत जोरात असतो.

पीकपद्धतीही बदलली. जिथे खरिपाची ज्वारी डुलायची, तिथे आता सोयाबीन आहे. ज्वारीच्या दिवसांत माचा, गोफण आणि पाखरांशी भांडण होते. तरी पाखरांना दाणा आणि पात दोन्ही मिळत. सोयाबीनच्या पानातून विणायला पट्टी निघत नाही. त्यातच वीतभर जमिनीसाठी धुरे कोरले जातात, उरलेले गवत पेटवले जाते, बाभळी तोडल्या जातात. माझ्या मते सुगरणीला सर्वांत मोठा फटका या धुऱ्याच्या नाशाचा आहे, आणि तो थांबवणे शेतकऱ्याच्या हातात आहे.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य पक्ष्यांची अंडी फोडणे किंवा घरटी विसकटणे ही शिकारच मानली आहे. 5 ते 12 नोव्हेंबर, म्हणजे मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, महाराष्ट्रात पक्षी सप्ताह पाळला जातो. तोवर सुगरणींची पिल्ले उडून गेलेली असतात आणि खोपे रिकामे दिसतात. दिवाळीला गावी गेलात तर ते जरूर पाहा, मुलांना दाखवा, मोजा. पण दिवाणखान्यात टांगायला तोडून आणू नका. पांढऱ्या गळ्याची मुनिया याच जुन्या खोप्यांत अंडी घालते.