वेगवान कोण? मैदानावरचा वाद आणि घरातील चार मीटर

अमेरिकेत मुलाकडे वा मुलीकडे काही महिने राहून आलेल्या आजी-आजोबांना तिथल्या रविवारच्या दुपारची ओळख असते. सप्टेंबर उजाडला की दिवाणखान्यातील टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल सुरू होतो. शिरस्त्राणे घातलेले धिप्पाड तरुण एकमेकांवर आदळताना पाहून आजोबा पुन्हा वर्तमानपत्रात डोके घालतात. चेंडू लंबगोल, पायाचा उपयोग क्वचित, तरी नाव फुटबॉल! मात्र या खेळाच्या चाहत्यांत रंगणारा एक वाद नियम ठाऊक नसलेल्यालाही कळतो. आजवरचा सर्वांत वेगवान खेळाडू कोण? आरोग्याच्या पाक्षिकात हा विषय काढण्याचे कारण असे, की या वादातील नावांची पुढची आयुष्ये पाहिली, तर वेग, सांधे आणि वय यांच्याविषयी बरेच काही समजते.

वादाचे मूळ घड्याळात आहे. या खेळात वेग मोजतात तो ४० यार्डांच्या, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटरच्या धावेवर. पूर्वी प्रशिक्षक हातातील घड्याळाने वेळ घेत. खेळाडू हललेला दिसल्यावर बोट बटणावर जाते, तोवर सेकंदाचा काही अंश निसटलेला असतो आणि धाव आहे त्यापेक्षा जलद भासते. म्हणूनच बो जॅक्सनच्या नावावर सांगितली जाणारी १९८६ सालची ४.१२ सेकंदांची वेळ अनेकांना मान्य नाही. विद्युत घड्याळाच्या नोंदींत २०२४ साली झेवियर वर्दीने ४.२१ सेकंदांचा विक्रम केला. आता तर खेळाडूंच्या खांद्यांवरील कवचात चकती बसवून प्रत्यक्ष सामन्यातील वेग मोजतात. २०१६ साली टायरिक हिलचा वेग ताशी सुमारे ३७ किलोमीटर नोंदला गेला.

जुन्या पिढीचा कौल मात्र बॉब हेजला. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याने १०० मीटरचे सुवर्णपदक जिंकले, तेही कोळशाच्या भुकटीच्या धावपट्टीवर, सर्वांत आतल्या उखडलेल्या मार्गिकेत, आणि एका पायात उसना बूट घालून. त्यानंतर रिले शर्यतीत त्याच्या हाती दांडी आली, तेव्हा अमेरिका बरीच मागे होती; त्याने सर्वांना गाठून शर्यत जिंकून दिली. पुढे तो डॅलसच्या संघात आला, तेव्हा त्याच्यामागे धावून उपयोग नाही हे प्रतिस्पर्ध्यांना लवकरच उमगले आणि खेळाडूऐवजी मैदानाचा एकेक भाग राखण्याची बचावपद्धती रूढ होण्यास त्याचा वेग कारणीभूत ठरला, असे मानतात. हाच बॉब हेज २००२ साली मूत्रपिंडे निकामी होऊन वारला, तेव्हा तो अवघा ५९ वर्षांचा होता. तारुण्यातील वेग ही उतारवयासाठी केलेली ठेव नव्हे.

बो जॅक्सनची कथा आपल्या वाचकांच्या अधिक जवळची आहे. १९८७ साली, आपल्या पंचविसाव्या वाढदिवशी, तो ९१ यार्ड धावत सुटला आणि मैदान संपले तरी न थांबता खेळाडूंच्या बोगद्यात शिरला. जानेवारी १९९१ मध्ये एका सामन्यात प्रतिस्पर्ध्याने त्याचा पाय पकडला आणि धावत्या शरीराच्या रेट्याने खुब्याचा सांधा निखळला. मांडीच्या हाडाच्या वरच्या गोल टोकाला रक्त पोहोचवणाऱ्या वाहिन्या फार नाजूक असतात. त्या दुखावल्या की हाड उपासमारीने मरू लागते. ‘एव्हॅस्क्युलर नेक्रोसिस’ हे नाव आता आपल्याकडेही पुष्कळांच्या कानांवरून गेले आहे. १९९२ साली जॅक्सनचा खुबा बदलण्यात आला, वय २९. फुटबॉल संपला. परंतु बेसबॉल हा त्याचा दुसरा खेळ होता. १९९३ साली कृत्रिम खुबा घेऊन तो मैदानात उतरला आणि पहिल्याच पाळीत त्याने चेंडू सीमेपार धाडला.

न्हाणीघरात पाय घसरून खुब्याशी हाड मोडते, तेव्हा याच वाहिन्या तुटण्याची भीती असते. म्हणूनच हाड सरकले असेल, तर वृद्धांमध्ये ते जोडत न बसता शल्यविशारद बहुधा सांधाच बदलतात, आणि प्रकृती साथ देत असेल तर दुसऱ्याच दिवशी रुग्णाला उभे करू पाहतात. ‘एवढ्या लवकर कशाला, चार दिवस पडू द्या’ असे म्हणणाऱ्या प्रेमळ नातेवाइकांची मला नेहमी धास्ती वाटते. पडून राहिल्याने स्नायू झपाट्याने झिजतात, छातीत कफ साठतो, पायांत रक्ताच्या गुठळ्या होतात. डिऑन सँडर्स हाही या वादातील एक मानकरी. २०२१ साली पायातील गुठळ्यांमुळे त्याला डाव्या पायाची दोन बोटे गमवावी लागली. एकाच पोटरीला अचानक सूज व दुखणे, किंवा पाऊल गार, फिके, बधिर पडणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये.

आणि डॅरेल ग्रीन? माझे मत विचारले तर याच्याच बाजूने. वॉशिंग्टनच्या संघात तो १९८३ ते २००२ अशी वीस वर्षे खेळला. वेगावर विसंबून खेळायच्या जागी चाळिशी ओलांडेपर्यंत टिकणे ही सामान्य गोष्ट नव्हे. खेळाडूंमधील धावण्याची स्पर्धा त्याने चार वेळा जिंकली. पन्नासाव्या वाढदिवशी तो पुन्हा ४० यार्ड धावला आणि हातघड्याळाने ४.४३ सेकंद दाखवले. घड्याळाला थोडी सूट दिली, तरी पन्नाशीला हे अचाट आहे.

स्नायूंत दोन प्रकारचे तंतू असतात: सावकाश पण दीर्घकाळ काम करणारे, आणि क्षणात जोर लावणारे. वय वाढते तसे दुसऱ्या प्रकारचे तंतू अधिक झिजतात. पायरी चुकली असता पाऊल चटकन पुढे टाकून तोल सावरतात ते हेच. त्यामुळे रोज तासभर फिरणारे गृहस्थही उंबऱ्याला अडखळून पडू शकतात. चालण्याचा दम असतो, झटका उरलेला नसतो.

ज्येष्ठांसाठीही वेगाची एक चाचणी आहे, आणि ती डॉक्टर मंडळी गांभीर्याने घेतात. २०११ साली ३४ हजारांहून अधिक वृद्धांच्या माहितीच्या अभ्यासात चालण्याचा वेग आणि पुढील आयुर्मान यांचा स्पष्ट संबंध आढळला. घरच्या ओसरीत वा सोसायटीच्या मार्गिकेत चार मीटर मोजून खुणा कराव्यात. खुणेच्या एक-दोन पावले आधीपासून नेहमीच्या चालीने निघावे. काठी लागत असेल तर ती घ्यावी. चार मीटरांना पाच सेकंदांहून अधिक लागत असतील, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना आवर्जून सांगावे. अमेरिकेत रस्ता ओलांडण्याचा दिवा किती वेळ ठेवायचा, हे माणूस सेकंदाला साधारण एक मीटर चालतो असे धरूनच ठरवतात.

गेलेला झटका थोडाफार परत मिळवता येतो. भिंतीला टेकवलेल्या, चाके नसलेल्या भक्कम खुर्चीवर बसावे, हात छातीशी घ्यावेत, चटकन उठावे आणि अगदी सावकाश बसावे. पाच वेळा उठबस करण्यास पंधरा सेकंदांहून अधिक वेळ लागणे हे पायांतील दुबळेपणाचे लक्षण समजतात. आरंभी घरच्या कोणी शेजारी उभे राहावे, मात्र हाताला धरून ओढू नये. नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असेल, छातीत दुखत असेल, उठताना भोवळ येत असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. वेळ घेण्याचे काम नातवंडांकडे सोपवावे, पण दर महिन्याला त्याच नातवंडाकडे. हाताच्या घड्याळाची चूक मग दर वेळी सारखीच राहते.