साल वनांचे नियोजन आणि संगणकीय प्रतिमाने

रायपूरच्या पंडरी भागातील छत्तीसगड हाटमध्ये मांडल्या जाणाऱ्या कोसा वस्त्रांची मुळे वनांत आहेत. बस्तरमधील ‘रैली’ जातीचे टसर कोष प्रामुख्याने साल वृक्षांवर नैसर्गिकरीत्या तयार होतात. २०२१ च्या वनस्थिती अहवालानुसार छत्तीसगडचे वनाच्छादन ५५,७१७ चौरस किलोमीटर, म्हणजेच भौगोलिक क्षेत्राच्या ४१.२१ टक्के होते. या वनांच्या व्यवस्थापनातील मूलभूत अडचण काळाची आहे. वृक्ष वाढण्यास अनेक दशके लागतात, तर वन विभागाची कार्य आयोजना साधारणतः दहा वर्षांची असते. हे अंतर सांधण्यास सिम्युलेशन मॉडेल, म्हणजेच अनुकरण प्रतिमान, उपयुक्त ठरते.

कार्यपद्धती

वृक्षांची वाढ, मृत्यू आणि नव्या रोपांची भर यांचे दर गणिती रूपात मांडून संगणक वर्षागणिक वनाची स्थिती काढतो. १९७२ मध्ये बॉटकिन, जनक आणि वॉलिस यांनी प्रसिद्ध केलेले ‘जाबोवा’ हे या प्रकारातील आरंभीचे प्रतिमान होय.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका वनखंडात १,००० वृक्ष आहेत. दरवर्षी २ टक्के मरतात आणि १५ नवे वाढतात. दहा वर्षांनी सुमारे ९५४ आणि पन्नास वर्षांनी ८४१ वृक्ष उरतील. यात दरवर्षी १ टक्का तोड वाढवल्यास हेच आकडे अनुक्रमे ८६९ आणि ६०९ होतात. दहा वर्षांत किरकोळ वाटणारी तफावत पुढील पिढीसाठी गंभीर ठरते.

मर्यादा

प्रतिमान म्हणजे भविष्यवाणी नव्हे. हवामानबदलाचा भारतीय वनांवरील परिणाम तपासणाऱ्या २००६ च्या अभ्यासात, उत्सर्जनाच्या दोन शक्यतांनुसार, अनुक्रमे ७७ व ६८ टक्के वनचौकटींत वनप्रकार बदलण्याचा अंदाज होता. वेगळे वनस्पती प्रतिमान वापरणाऱ्या २०११ च्या अभ्यासात हे प्रमाण ३९ व ३४ टक्के आले. म्हणून एकाच आकड्यावर विसंबणे धोक्याचे असते. शिवाय १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तत्कालीन मध्य प्रदेशातील साल वनांवर खोडकिड्याचा मोठा प्रादुर्भाव झाला. सरासरी दरांवर आधारलेल्या गणितात असे आघात सामावत नाहीत.

त्यामुळे कायमस्वरूपी नमुना क्षेत्रांतील नियमित मोजणी, प्रतिमानाची प्रत्यक्ष नोंदींशी पडताळणी आणि वनवासी समाजाचा अनुभव यांची जोड आवश्यक ठरते. पर्यायांचे संभाव्य परिणाम प्रतिमान दाखवते. त्यांतून निवड करण्याची जबाबदारी मात्र ग्रामसभा आणि वन प्रशासन यांचीच राहते.