हौसेआधी अभ्यास

खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय घरी मांडण्याची हौस आता आपल्याकडील शहरांतही रुजू लागली आहे. मुंबईला गेल्यावर तारापोरवाला मत्स्यालय पाहून येणे हा एके काळी सहलीचा ठरलेला भाग असे. 1951 साली सुरू झालेल्या त्या मत्स्यालयाच्या काचांसमोर थबकलेल्या मुलांचे आज नातवंडांसाठी तोच देखावा दिवाणखान्यात उभा करण्याचे स्वप्न असेल, तर ते समजण्यासारखे आहे. त्यातही मासे सोडून प्रवाळांची बाग फुलवावी, ही या हौसेची वरची पायरी. तिला आमचा विरोध नाही. आमचे म्हणणे एवढेच की, टाकीवर पैसा खर्च करण्यापूर्वी निदान काही महिने अभ्यासावर खर्च व्हावेत. कारण या छंदात अज्ञानाची किंमत माणूस पैशाने चुकवतो, पण मुका जीव ती प्राणाने चुकवतो.

अभ्यासाविना हौस कोठवर जाते, याचा दाखला जुना आहे. इंग्लंडमध्ये फिलिप हेन्री गॉस या निसर्गाभ्यासकाचे ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक 1854 साली निघाले आणि घराघरांतून काचेच्या पेट्या मांडण्याची लाट उसळली. गॉस स्वतः व्यासंगी होता. त्याच्या मागून आलेल्यांनी मात्र हौस तेवढी उचलली, व्यासंग नव्हे. किनाऱ्यावरील खडकांतली पाणथळे संग्राहकांनी इतकी ओरबाडली की, त्याचा मुलगा एडमंड गॉस याने 1907 साली प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनात त्या उजाड झालेल्या किनाऱ्याबद्दल खंत नोंदवून ठेवली. बापाच्या पुस्तकाने लागलेल्या वेडाचा हिशेब मुलाला द्यावा लागला.

नवशिक्याने पहिला धडा पाण्याचा गिरवावा. मोकळ्या समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात आणि प्रवाळांना हे प्रमाण जवळजवळ स्थिर लागते. समुद्र दाराशी आहे, तेव्हा मिरामारहून चार घागरी भरून आणल्या की झाले, असे कोणास वाटेल. परंतु पावसाळ्यात मांडवी आणि झुआरी यांच्या मुखाशी गोड्या पाण्याचा लोंढा येतो, गाळ येतो आणि खारटपणा झपाट्याने उतरतो. आपल्या किनाऱ्यालगत प्रवाळ विरळ आढळतात आणि ग्रांड बेटासारख्या ठिकाणी जे तगून आहेत ते काटक जातीचे आहेत, याचे एक मोठे कारण हेच. म्हणून जाणकार लोक शुद्ध केलेल्या पाण्यात तयार क्षारमिश्रण मोजून मिसळतात. पुढे टाकीतील पाणी रोज आटते, तेव्हा ती तूट खाऱ्या नव्हे, तर गोड्या शुद्ध पाण्याने भरावयाची असते. पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते, हे ज्याने आगरवाड्याची मिठागरे पाहिली आहेत त्याला वेगळे सांगावयास नको. तरीही खारट पाण्यात खारटच पाणी ओतीत राहून पुष्कळ नवशिके आपल्या टाकीचे मिठागर करून टाकतात.

दुसरा धडा सबुरीचा. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया निर्माण होतो व तो विषारी असतो. खडकांवर आणि वाळूत वाढणारे सूक्ष्म जीवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये व मग त्या मानाने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. या जीवाणूंचा संसार बसण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत मासा नसावा आणि पाण्याची वारंवार परीक्षा होत राहावी. दुकानातून सकाळी टाकी आणून सायंकाळी मासे सोडणाऱ्यास चार दिवसांत ते पोटावर तरंगताना दिसतात, आणि दोष बिचाऱ्या माशांच्या माथी जातो. लहान टाकी सोपी, हाही एक गोड गैरसमज आहे. पाणी जितके थोडे, तितका लहानशा चुकीचा परिणाम मोठा.

तिसरा धडा परदेशी पुस्तकांत सहसा नीट सापडत नाही, कारण ती थंड मुलुखांत लिहिलेली असतात. ती पाणी तापवण्याचे यंत्र घ्या म्हणून सांगतात. आपल्याकडे वैशाखात पाणी गार ठेवणे हीच खरी विवंचना. प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाले राहतात आणि उन्हाच्या बळावर त्यांना अन्न पुरवतात. पाणी फार तापले की हे सहजीवन मोडते, प्रवाळ पांढरे पडतात आणि ताप ओसरला नाही तर मरतात. 1998 साली लक्षद्वीपच्या समुद्रात हेच घडले. तेव्हा टाकीचे तापमान 25 ते 27 अंशांच्या आसपास ठेवणारे शीतकयंत्र आणि त्याचे विजेचे बिल हिशेबात धरले पाहिजे. पावसाळ्यात वीज गेली की पाण्यातला प्राणवायू कमी होऊ लागतो. त्यासाठी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असावा.

चौथा धडा ज्या जीवास आणावयाचे त्याच्या कुळाचा. 2003 सालच्या ‘फाइंडिंग निमो’ चित्रपटामुळे मुलांचा लाडका झालेला क्लाउनफिश काटक आहे. तो बंदिस्त पाण्यात वाढवता येतो आणि केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्या देशात त्याच्या पैदाशीचे तंत्र बसवले आहे. त्याच चित्रपटातील निळा टँग मात्र फूटभर वाढतो, त्याला पोहण्यास लांबरुंद जागा हवी. मँडरिन नावाचा देखणा मासा बारीक जिवंत कवचधारी जीवांवर जगतो आणि नव्या टाकीत उपाशी मरतो. शिवाय बाजारातील पुष्कळसे सागरी मासे अजूनही खुल्या समुद्रातून धरून आणलेले असतात. फिलिपिन्समध्ये 1960 च्या दशकापासून सायनाइड फवारून मासे गुंगवून धरण्याची अघोरी पद्धत फोफावली. तिने मासेही मारले आणि ते ज्या प्रवाळांत राहतात तेही मारले. मासा कोठून आला, हे विचारणे म्हणूनच ग्राहकाचे कर्तव्य ठरते.

शेवटचा धडा कायद्याचा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 साली खडक बांधणारे प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या यांचा समावेश झाला. वाघाला जे संरक्षण, तेच ग्रांड बेटाच्या किंवा मालवणच्या प्रवाळाला. बुडी मारून आणलेला एक तुकडा ही हौस नव्हे, तो गुन्हा आहे. परदेशातून येणाऱ्या कठीण प्रवाळांचा व्यापारही आंतरराष्ट्रीय करारान्वये परवान्यांनी बांधलेला आहे. ज्या विक्रेत्यास कागदपत्रे दाखवता येत नाहीत, त्याच्या दुकानाची पायरी चढू नये.

खाजनाची शेती करणारा आपला शेतकरी भरती-ओहोटी आणि पौर्णिमा-अमावास्या पाहिल्याशिवाय मानशीचे दार उघडीत नसे. समुद्राशी व्यवहार करावयाचा तर आधी त्याची रीत जाणून घ्यावी, हे शहाणपण त्याने पिढ्यान्‌पिढ्या जपले. काचेच्या चार भिंतींत समुद्र आणू पाहणाऱ्यानेही तेच करावे. आधी वाचावे, अनुभवी माणसाच्या टाकीजवळ बसून त्याचे रोजचे काम पाहावे, खर्चाचा आकडा मांडावा. हे सारे झाल्यावरही उत्साह टिकला, तर केवळ कृत्रिम खडक आणि पैदास केंद्रातून आलेले क्लाउनफिशचे एक जोडपे घेऊन प्रारंभ करावा. तोवर टाकी रिकामी राहिली तरी काही बिघडत नाही.