धबधबा : देखावा की अवतरण?

कोलार नदीकाठचं सावनेर सपाट मुलखातलं. अशा गावांत धबधबा भेटतो तो बहुधा तसबिरीत, आणि तिथे तो नुसती निसर्गशोभा नसतो; तो अवतरणाचं प्रतीक असतो. राजा रविवर्मांच्या ‘गंगावतरणा’त शिव कमरेवर हात ठेवून वर पाहतो, भगीरथ हात जोडून उभा राहतो. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या त्यांच्या छापखान्याने अशी देवादिकांची चित्रं घरोघरी नेली. हे पुराणचित्र झालं, निसर्गचित्र नव्हे, असा आक्षेप कुणी घेईल. पण जपानमधल्या नाची धबधब्याच्या मध्ययुगीन पटचित्रात देवाची मूर्तीच नाही. कड्यावरून उतरणारी पांढरी धार हीच देवता. म्हणजे अर्थ पात्रांत नाही, पाण्याच्या उतरण्यात आहे.